धीर नावाचं बटण

आत्या विसरायला लागलीय, असं घरात कुणी बोललं नव्हतं. बोलायला घरात होतं तरी कोण? आत्या आणि तिची भाची, बस्स. शिकायला म्हणून भाची आत्याकडे आली ती तिथलीच झाली. शिक्षण संपलं, नोकरी लागली, केसांत एखादा पांढरा चमकू लागला, पण "पुढच्या वर्षी स्वतःचं घर बघते" हे तिचं वाक्य काही पुढच्या वर्षाला ओलांडून गेलं नाही. आत्यानेही कधी विषय काढला नाही. ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायची. "जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, मला तेवढं कुणी जोडलं नाही," असं ती स्वतःच हसत सांगायची, आणि त्यात खंत कमी आणि सुटल्याचा आनंदच जास्त असायचा.

निवृत्तीनंतर तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी नुसता चहाचा कप बशीत किणकिणायचा. मग सही वाकडी येऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या एका केंद्रात दर आठवड्याला जायला सांगितलं. तिथली वेळ घ्यायची ती त्यांच्या वेबसाइटवरून. आत्या हौसेने स्वतःच टॅबलेट उघडून वेळ घ्यायची. "एवढं मला येतं गं," असं म्हणून भाचीला जवळही फिरकू द्यायची नाही.

एक दिवस ती केंद्रातून लगेच परत आली. "वेळ घेतलेलीच नव्हती म्हणे मी." भाचीने विशेष लक्ष दिलं नाही. पुढे पुन्हा तसंच झालं. त्यानंतर मात्र आत्याने टॅबलेट भाचीच्या पुढ्यात सरकवला आणि अगदी सहज, भाजी संपलीय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "तूच घेत जा बाई आता. माझ्या डोक्याचं काही खरं राहिलं नाही."

तो सहजपणाच भाचीला लागला. ज्या बाईला इस्पितळातल्या एकूण एक विभागाचा नंबर तोंडपाठ, जी झोपेतसुद्धा "जोडून देते, थांबा" म्हणायची, तिने स्वतःच्या डोक्यावर असं पाणी सोडावं? इतक्या मुकाट्याने?

"माझ्यासमोर घे बघू एकदा," भाची म्हणाली.

"कशाला? परीक्षा आहे का?"

"घे तर."

आत्याने चष्मा लावला. दिवस निवडला, वेळ निवडली, आणि बोट 'नक्की करा'वर टेकवलं. बोट टेकलं, थरथरलं, क्षणभर उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. पहिल्या स्पर्शाला वेळ नक्की झाली. लगेच त्याच जागी, त्याच आकाराचं 'रद्द करा' हे बटण उगवलं. दुसऱ्या स्पर्शाने ते दाबलं गेलं. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: तुमची विनंती पूर्ण झाली.

"झाली की," आत्या म्हणाली. "असंच येतं दरवेळी."

भाची पडद्याकडे बघत राहिली. वेबसाइट बनवणं हाच तिचा धंदा. ही साइट तिने बनवलेली नव्हती, पण एका जागेत दोन बटणं आलटून पालटून बसवायची ही रीत तिच्या ऑफिसातही सर्रास होती. जागा वाचते, दिसायला नेटकं दिसतं. बोट एकदा टेकलं की एकदाच टेकतं, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

"आत्या, तुझं डोकं ठणठणीत आहे. बटण मूर्ख आहे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. उठून स्वयंपाकघरात गेली आणि पुसून लावलेली भांडी पुन्हा काढून पुन्हा लावत बसली. भाची तिच्या मागे गेली नाही. काही वेळा माणसाला भांड्यांबरोबर एकटं सोडावं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने आपल्या हातातल्या साइटवर तसलं एक बटण शोधलं आणि बदललं. आता नुसत्या स्पर्शाने काम होणार नव्हतं. बटण जरा वेळ दाबून धरायचं. धरलेलं असताना ते हळूहळू रंगाने भरत जाई, आणि मध्येच बोट निसटलं तरी ते समजून घेई, पहिल्यापासून सुरू करायला लावत नसे. काम जमलं. मग तिने त्या बटणाचा कोड, म्हणजे ते चालवणाऱ्या ओळी, उचलून दुसऱ्या साइटमध्ये चिकटवला, मग आणखी एका.

शेजारच्या टेबलावर नकारघंटा बसायची. हे अर्थात तिचं नाव नव्हतं. इतरांनी केलेलं काम तपासून त्यातल्या चुका काढायच्या ही तिची नोकरी, आणि ती ती इतक्या निष्ठेने करायची की "छान झालंय" हे शब्द तिच्या तोंडून ऐकलेला माणूस ऑफिसात शोधून सापडला नसता.

"किती ठिकाणी चिकटवत बसणार आहेस?" नकारघंटेने विचारलं.

"जिथे जिथे लागेल तिथे."

"आणि उद्या यात चूक निघाली की? जिथे जिथे चिकटवलंस तिथे तिथे शोधत फिरणार? एकदाच नीट वेगळं बांध. पॅकेज कर त्याचं."

बोलणं कडू होतं पण खरं होतं. वेबसाइट हल्ली कुणी पायापासून बांधत नाही. एक तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आणि त्यावर आपलं घर उभं करतात. त्या सांगाड्यात कुणालाही बसवता येईल असा एखादा सुटा भाग करून ठेवला की ते झालं पॅकेज. सुताराने कडी एकदाच घडवायची आणि बाजारात ठेवायची; ज्याला हवी त्याने आपल्या दाराला लावावी. मात्र कडी घडवणाऱ्याला दार दिसत नसतं, ही त्यातली मेख. दार केवढं, लाकूड कसलं, उघडणार कोण, काहीच ठाऊक नसतं.

साहेबांनी परवानगी दिली. कंपनीचं नाव त्यावर नको आणि तक्रारी तिच्या दारी, एवढंच त्यांचं म्हणणं. भाचीने सुट्टीच्या दिवसांत ते काम मांडून बसायला सुरुवात केली. स्वतःपुरतं केलेलं काम दुसऱ्याच्या हाती देण्याजोगं करायचं म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं. आपल्या घरात दिव्याचं बटण कुठे आहे हे आपल्याला अंधारातही माहीत असतं; पाहुण्याला सांगावं लागतं. रंग बदलता यायला हवा, धरायचा वेळ बदलता यायला हवा, कुणी चुकीचं काही भरलं तर काय बिघडलं ते धड शब्दांत कळायला हवं. माहितीचं पान तर तिने इतक्या वेळा लिहिलं आणि पुसलं, की शाळेतल्या निबंधाची आठवण झाली. आत्या रोज एकदा तरी येऊन बटण दाबून बघायची आणि "अजून जरा थांबलं तरी चालेल" किंवा "आता फारच झोपतंय हे" असं सांगून जायची.

नावाचा घोळ झाला. सुचेल ते नाव जगात कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं.

"'धीर' ठेव," आत्या म्हणाली. "सगळं रामायण त्या मेल्या बटणाला धीर नाही म्हणून तर झालं."

'धीर' कुणी घेतलेलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, भाचीने ते पॅकेज सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या भांडारात पाठवायची आज्ञा लिहिली. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली होती.

"झालं?"

"झालं. गेलं."

"काही आवाजबिवाज नाही झाला."

"होत नाही."

"मग कळतं कसं गं, पोचलं म्हणून?" आत्या म्हणाली. एक्स्चेंजवर जोडणी लागली की कानात टिक वाजायचं. जगभर पोचणारी गोष्ट अशी मुक्याने निघून जावी, हे काही तिला पटलं नाही.

आणि खरंच, बराच काळ काही कळलं नाही. मग कुणीतरी एक शंका विचारली. कुणी एक शब्द सुधारून दिला. एका दवाखान्याने बसवलं. कंप असलेल्या लोकांच्या एका मंडळाने आपल्या पत्रकात 'धीर'बद्दल लिहिलं आणि तिथून ते हातोहात पसरलं. 'धीर' किती जणांनी घेतलं तो आकडा भाची सकाळी दात घासता घासता बघू लागली. तिला स्वतःचंच हसू यायचं, पण बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. पुढे एका मोठ्या वाचनालयाने, ज्याच्या गावोगावी शाखा होत्या, आपल्या साइटवरचं प्रत्येक बटण 'धीर'चं केलं, तेव्हा तिने आत्याला बाहेर जेवायला नेलं. आत्याने चमच्याने जेवताना अर्धं सांडलं आणि दोघी त्यावर हसल्या.

त्याच वाचनालयावरून पुढचं झालं.

तक्रार एका बहिणीकडून आली, ती अशी: "तुमचं बटण ज्याने केलं त्या व्यक्तीला हे सांगायचं आहे. माझा भाऊ मानेखाली काहीच हलवू शकत नाही. त्याच्या गालाजवळ एक छोटी कळ आहे. पडद्यावर एक चौकट एकेका बटणावरून सरकत जाते, हवं तिथे आली की तो गाल टेकवतो. टेकवतो, धरून ठेवू शकत नाही. तुमचं बटण धरून ठेवायला सांगतं. या वाचनालयातून तो पडद्यावर वाचायची पुस्तकं स्वतः घ्यायचा. आता प्रत्येक पुस्तकासाठी त्याला मला हाक मारावी लागते. तो हाक मारत नाही. त्याने वाचणंच सोडलंय."

भाचीने ते पुन्हा एकदा वाचलं आणि तिला राग आला. राग कुणाचा, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. तिने ताबडतोब उत्तर लिहायला घेतलं. हे पॅकेज एका विशिष्ट गरजेसाठी आहे. ते सगळीकडे सरसकट वापरावं असं कुठेही म्हटलेलं नाही. वाचनालयाने बसवण्यापूर्वी विचार करायला हवा होता. प्रत्येक वाक्य बिनचूक होतं.

नकारघंटेने खांद्यावरून वाचलं.

"काही चूक आहे यात?" भाचीने विचारलं.

"एकही नाही. पाठव. आणि मग पुस्तकं तेवढी तू नेऊन दे त्याला."

उत्तर पाठवलं गेलं नाही. "मी काढूनच टाकते ते," भाची म्हणाली. "नको मला ही ब्याद."

"आता काढतेस? ज्यांनी बसवलंय त्यांच्या साइट्स पुढच्या खेपेला बांधताना उभ्याच राहणार नाहीत. कडी तुझी असेल, दारं लोकांची आहेत." आणि मग, तिच्या मानाने अगदी मऊ आवाजात, "वाईट नाही केलंयस तू. अर्धवट केलंयस."

घरी आल्यावर भाचीने आत्याला सगळं सांगितलं. आत्या तिची समजूत काढेल अशी तिची अपेक्षा होती. आत्याने ऐकून घेतलं, मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला, तो असा ती नेहमीच धरायची, आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यापायी त्या माणसाची पुस्तकं गेली."

"तुझ्यापायी नाही गं. तुझा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? तू रोज मलाच बसवत होतीस ना बटण दाबायला? मला जमलं की तू म्हणायचीस, जमलं. जगातल्या सगळ्या हातांच्या जागी माझाच हात धरून चाललीस. आणि मीही बावळट, मला बरं वाटत होतं." जरा थांबून तिने विचारलं, "त्याच्याशी कुणी बोललंय का? त्या भावाशी? का बहिणीशीच सगळं?"

कुणी बोललं नव्हतं. भाचीच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बहिणीने फोन जोडून दिला. भावाचा चेहरा पडद्यावर आला. बारीक, दाढी नीट केलेली, डोळे तिखट. तो अनुवादक होता. यंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तकं एका भाषेतून दुसरीत करायचा, अपघाताआधीही आणि नंतरही. भाचीने तयार केलेली माफी त्याने मध्येच थांबवली.

"माफी राहू द्या. मला एक सांगा, तुम्ही माहितीच्या पानावर लिहिलंय, 'आता बटण सर्वांसाठी सोपं.' हे 'सर्वांसाठी' कुठून आणलंत?"

भाचीने ते पान उघडून पाहिलं. तसंच लिहिलं होतं.

"मी पण पुस्तकांत लिहायचो असं. 'कोणीही सहज चालवू शकेल.' मूळ मजकुरात असायचं, मी आणत होतो मराठीत. मग एक दिवस मीच त्या 'कोणीही'मधून बाहेर पडलो." तो हसला, हसणं कडवट नव्हतं, पण गोडही नव्हतं. "तुमच्या आत्या आहेत का तिथे? बहीण म्हणाली, त्यांच्यासाठी केलं होतं."

आत्या पुढे सरकली. "आहे की."

"तुमचं काय होतं नेमकं, बटण दाबताना?"

"एकदा दाबायला जाते, दोनदा दाबलं जातं. कधी तीनदा."

"माझं उलट आहे. एकदाच दाबता येतं, तेही नशीब असेल तर."

"मग तुमचं एकदा आणि माझं तीनदा, हे दोन्ही एकच धरलं तर?" आत्या म्हणाली.

भाचीने त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. गोष्ट इतकी साधी होती की तिचे कान गरम झाले. धरून ठेवायला लावायचंच कशाला? पहिला स्पर्श खरा मानायचा आणि त्यानंतर थोडा वेळ बटणाने कानावर हात ठेवून बसायचं. मागून किती का स्पर्श होईनात, ऐकायचेच नाहीत. 'रद्द करा' त्या जागी कधीही येऊ द्यायचं नाही. ते दूर, वेगळं. आणि चुकून झालंच काही, तर मागे फिरायला पुरेसा अवधी द्यायचा.

लिहायला सोपं वाटलं तरी काम रेंगाळलं. जुन्या पॅकेजमध्ये डागडुजी करून भागण्यासारखं नव्हतं, मूळ कल्पनाच बदलत होती. दर काही दिवसांनी अनुवादक आणि आत्या एकाच वेळी आपापल्या पडद्यावर बसायचे आणि भाची नवं रूप त्यांच्यापुढे ठेवायची. एकाला जमलं की दुसऱ्याला अडायचं. आत्याला मागे फिरायचा अवधी कमी पडायचा. अनुवादकाला तो संपेपर्यंत ताटकळत बसावं लागायचं. नकारघंटा हे सगळं टिपून घ्यायची, आणि एकदा म्हणाली, "आता कुठे तपासण्यालायक होतंय." भाचीने ते प्रशस्तिपत्रक म्हणून स्वीकारलं.

नवं रूप प्रसिद्ध झालं तेव्हा कौतुकाआधी शिव्या आल्या. चालत होतं ते का बिघडवलंत, आम्हाला आता सगळा कोड बदलावा लागणार, असं लोक लिहू लागले. भाचीने प्रत्येकाला उत्तर दिलं. काय बदललं, का बदललं, जुन्यावरून नव्यावर कसं यायचं. माहितीच्या पानावर आता 'सर्वांसाठी' नव्हतं. कुणाकुणाबरोबर बसून ते तपासलं ते लिहिलं होतं, आणि खाली, "यात तुम्ही नसाल तर कळवा." वाचनालयाने वेळ लावला, पण बदललं. त्या दिवशी अनुवादकाचा एका ओळीचा निरोप आला: "दोन पुस्तकं घेतली. एक भिकार निघालं." भाचीने तो आत्याला वाचून दाखवला आणि आत्या बराच वेळ हसत राहिली.

कळवणारे मग येऊ लागले. कुणाला रंग दिसत नव्हते, कुणाला एकच हात होता. अनुवादक भाचीच्या आधीच त्यांना उत्तरं द्यायचा, आणि तिच्यापेक्षा नेमकी द्यायचा. शेवटी तिने त्याला पॅकेजच्या किल्ल्या दिल्या, म्हणजे नवं रूप प्रसिद्ध करायचा, दुसऱ्याचा बदल घ्यायचा किंवा नाकारायचा अधिकार. दिला तेव्हा मन मोठं झाल्यासारखं वाटलं.

ते मन किती मोठं झालंय ते महिनाभरातच कळलं. भाचीने बटणासाठी एक सुरेख गोष्ट केली होती: मागे फिरायचा अवधी चालू असताना बटणाभोवती एक मंद प्रकाश फिरत राहायचा. फार मन लावून केलं होतं. अनुवादकाने ते नाकारलं. "सुंदर आहे, पण नको. सतत काहीतरी फिरत असलं की माझी चौकट कुठे आहे ते मला दिसत नाही. आत्यांनाही गरगरतं."

भाचीने ते ऑफिसात वाचलं. पॅकेज तिचं, नाव तिच्या घरात ठेवलेलं, आणि हा कोण नाही म्हणणारा? शिवाय आत्यांना गरगरतं हे याला कसं ठाऊक? तिला तर आत्या काही बोलली नव्हती. दिवसभर ती धुसफुसत राहिली. नकारघंटेने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आपल्या कामाला लागली, यावरूनच काय ते समजायचं.

ती लवकर घरी आली. दार लोटलेलं होतं. आत आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होती, आणि फोनच्या कर्ण्यातून अनुवादकाचा आवाज सगळ्या खोलीत पसरला होता. हे बोलणं आजचं नव्हतं हे लगेच कळत होतं. दोघं मधूनच सुरू करत होते, मधूनच सोडत होते, जुन्या शेजाऱ्यांसारखे.

"तो मागे फिरायचा अवधी कमी करायची तुम्हाला कशाची घाई एवढी?" आत्या म्हणत होती.

"मला पडूनच राहायचंय हो, मला कसली घाई? पण थांबवून ठेवलेलं मला आवडत नाही. दिवसभर तेच चाललेलं असतं."

"ते मात्र खरं. माझंही होतं तसं कधीकधी. पण हाताला नाही कळत ना ते."

"आज कसा आहे हात?"

"आज डाव्यालाही सुरू झालंय. भाचीला नाही सांगितलं अजून. सांगेन."

भाची दारातच थांबली. हातातली पिशवी तिने अलगद खाली ठेवली. सकाळपासून मनात जुळवलेली वाक्यं होती, ती कुठे गेली ते तिलाही कळलं नाही. आत्याची तिच्याकडे पाठ होती. डावा हात मांडीवर होता आणि दबल्यासारखा हलत होता.

आत्याला चाहूल लागली. तिने मान वळवून पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखी नाही, नुसतं पाहिलं.

"ऐकलंस वाटतं."

"हो."

"बरं झालं. सांगायचा त्रास वाचला." आणि फोनकडे वळून, "ही आलीय घरी. तुमच्यावर चिडलेली असणार."

"असणारच," फोनमधून आवाज आला. "मी नाकारलंय तिचं काम."

भाची आत आली, आत्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. डावा हात तिने आपल्या हातात घेतला नाही, नुसता आपला हात शेजारी ठेवला. "नाही चिडले," ती म्हणाली. "चिडले होते. तो प्रकाश सोडून दिला मी. पण दोन्ही हातांना कंप असला तर टॅबलेट धरायचा कुणी आणि दाबायचं कुणी, ते कुठे तपासलंय आपण?"

"नाही तपासलं," अनुवादक म्हणाला. "मला ते सुचणं शक्यच नव्हतं."

"मला सुचलं असतं," आत्या म्हणाली, "पण मी विचार करत नव्हते त्याचा. मुद्दामच."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं. पुढे घेत होतं, मागे घेत होतं.

"टॅबलेट टेबलावर टेकवून बघू या का?" शेवटी आत्याच म्हणाली. "आण जरा. आणि खुर्ची इकडे ओढ."

भाची उठली आणि टॅबलेट आणायला आतल्या खोलीत गेली.